चालू करून दाखवू नका

मार्चअखेर आणि हळदीचा हंगाम एकाच वेळी येतात, हे सांगलीच्या मार्केट यार्डातल्या दिवाणजींचं जुनं दुखणं. अशाच एका तीस मार्चला सकाळी नऊच्या सुमारास एका अडत दुकानातून फोन आला. "सर, मशीन गेलं. काळ्या पडद्यावर पांढरं इंग्रजी आलंय, पुढं हालंना झालंय." पाठोपाठ मालकांनी फोन हातात घेतला. "हार्ड डिस्क उडाली म्हणून काल रात्रीच एकानं सांगितलंय. नवीन घेऊनच या. आणि टॅलीचा डाटा पाहिजे म्हणजे पाहिजे."

नवीन डिस्क घेऊन गेलो, पण ती पिशवीतच राहू दिली. स्क्रीनवर 'रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस' ही ओळ होती. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं, डिलीट दाबत बायॉसमध्ये शिरलो आणि पहिल्यांदा पाहिली ती तारीख. १ जानेवारी २०१२. वेळ, मध्यरात्र उलटून एक मिनिट. म्हणजे मशीन सुरू करून एक मिनिट झालं होतं आणि त्याच्या हिशेबानं काळाची सुरुवातही तेव्हाच झाली होती. मदरबोर्डावरचा बटणासारखा सेल, सीआर २०३२, संपला होता. तो तीन व्होल्टचा असतो. मीटरवर दोनसुद्धा दाखवत नव्हता. या दुकानात रात्री मेन स्विच पाडून घरी जायची शिस्त. मेन चालू असेपर्यंत बोर्डाला थोडी वीज मिळत राहते आणि मेलेला सेलही खपून जातो. मेन पाडला की बायॉस सगळं विसरतो. मशीनमध्ये दोन डिस्क होत्या, विंडोजची लहान एसएसडी आणि हिशेबाची मोठी हार्ड डिस्क. कोणती आधी उघडायची हेच बायॉस विसरला होता, म्हणून तो हिशेबाच्या डिस्कवर विंडोज शोधत बसला होता.

सेल बदलला, बूटचा क्रम लावला, तारीख घातली. टॅली उघडलं, आदल्या दिवशीचं शेवटचं व्हाऊचर दिसलं. सेलचे तीस रुपये आणि व्हिजिटचे तीनशे. दिवाणजींना तीनशे जास्त वाटले. "डिस्क तर गेलीच नव्हती की," म्हणाले.

पंचवीसएक वर्षं हा धंदा करतोय, आणि 'डिस्क गेली' म्हणून आलेल्या मशीनमध्ये डिस्क गेलेलीच नसते हा अनुभव आठवड्यातून एकदा तरी येतो. कधी पोर्टात विसरलेला पेनड्राइव्ह असतो, त्यावर विंडोज शोधून मशीन दमतं. कधी साटाची केबल सैल असते. एकदा गुळाच्या अडतीत उंदरानं ती कुरतडली होती. डिस्क आपली स्वतःची एक नोंदवही ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. त्यातला १९९ क्रमांकाचा आकडा वाढत असेल तर बहुतेक वेळा दोष केबलचा असतो आणि डिस्क बिचारी बरी असते. माझ्या उस्तादांचा क्रम ठरलेला होता: आधी वायर, मग सेल, मग पॉवर, आणि सगळ्यात शेवटी डिस्क. डिस्कला हात लावायचा तो बाकी सगळं निर्दोष ठरल्यावर.

उस्ताद मिरजेचे. सतारमेकर गल्लीच्या मागं त्यांचं घर. लहानपणापासून तंबोऱ्याची जवारी लावताना ऐकलेली, त्यामुळं हार्ड डिस्कही ते कानानंच तपासायचे. स्क्रू ड्रायव्हरचं टोक डिस्कच्या झाकणाला टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला. १९९८ साली मी त्यांच्याकडे लागलो तेव्हा चार जीबीची डिस्क म्हणजे श्रीमंती होती. चांगली डिस्क चालू केली की आधी चढत जाणारी घरघर ऐकू येते, मग हेड सुटल्याची एक-दोन बारीक टिकटिक, आणि मग एकसुरी शांतता. मोटर फिरायला बघते पण फिरत नाही तेव्हा मधमाशी बाटलीत अडकल्यासारखा आवाज येतो. ठराविक अंतरानं टक्‌, टक्‌, टक्‌ आलं तर हेडला आपली जागा सापडत नाहीये, पुन्हा पुन्हा मागं येऊन ते शोधतंय. आणि पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं काही ऐकू आलं तर उस्ताद काही न बोलता भिंतीवरचं बटण बंद करायचे. शटडाऊन वगैरे काही नाही, सरळ बटण.

असं का, ते मला फार उशिरा कळलं. साडेतीन इंची डिस्कची तबकडी मिनिटाला ७,२०० वेळा फिरते, म्हणजे तिची कड ताशी सव्वाशे किलोमीटरहून जास्त वेगानं पळत असते. तिच्यावर हेड तरंगतं ते अवघ्या काही नॅनोमीटर उंचीवर. माणसाचा केस साधारण ऐंशी हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड. ते हेड एकदा टेकलं की तबकडीवरचा चुंबकीय थर खरवडला जातो, त्याची धूळ आत उडते आणि ती धूळ पुढच्या हेडला खाते. प्रत्येक सेकंदाला नुकसान वाढत असतं. आपण मात्र 'बघू तरी, आता होतंय का' म्हणून चौथ्यांदा चालू करतो.

कानानंही एकदा मला फसवलं. एका ट्रॅव्हल्सवाल्याची बाहेरची यूएसबी डिस्क ठराविक ठेक्यात टकटक करत होती. मी तोंड पाडून सांगितलं, हेड गेलंय, पुण्याला लॅबमध्ये पाठवावी लागेल. उस्तादांनी डिस्क मशीनच्या पुढच्या पोर्टातून काढली, लांब केबल फेकून दिली, वीतभर केबल घेतली आणि मागच्या पोर्टात लावली. टकटक गेली. पुढच्या पोर्टातून पुरेसा करंटच मिळत नव्हता. डिस्क उठायची, दम लागून बसायची, पुन्हा उठायची. वीज पुरवणारा एसएमपीएस थकला की डेस्कटॉपमध्येही हेच होतं. तेव्हापासून डिस्कला मृत ठरवण्याआधी मी तिला एकदा दुसऱ्या, खात्रीच्या पॉवरवर ऐकतो.

उस्तादांचं आणखी एक काम माझ्या डोळ्यांसमोर आहे. २६ एप्रिल १९९९, सोमवार. चेर्नोबिल नावानं ओळखला गेलेला सीआयएच व्हायरस त्या दिवशी फुटला. सकाळी दहापासून मशीन येऊ लागली, काउंटरवर मावेनात. हा व्हायरस डिस्कच्या सुरुवातीचा एक एमबी पुसून टाकायचा, आणि जमलं तर बायॉसची चिपही. सगळीकडे एकच हाकाटी, हार्ड डिस्क जळल्या. उस्ताद म्हणाले, "जळायला काय झालंय? हिची अनुक्रमणिका फाटलीय, पुस्तक आहे." फॅट पद्धतीत फाइलींच्या त्या अनुक्रमणिकेच्या दोन प्रती असतात. डिस्क पुरेशी मोठी असली तर दुसरी प्रत पहिल्या एक एमबीच्या पलीकडे असते, म्हणजे व्हायरसच्या हाताबाहेर. ती दुसरी प्रत पहिलीच्या जागी बसवत आम्ही चार रात्री जागलो. ज्यांच्या मशीनला त्याच दिवशी कुणीतरी 'फॉरमॅट मारून' नवीन विंडोज टाकून दिली होती, त्यांच्यासाठी मात्र काही करता आलं नाही.

मी स्वतः केलेलं आणि अजून मिरवतो असं काम २००९ मधलं. एका मोठ्या कंपनीच्या ५०० जीबी आणि एक टीबीच्या काही डिस्क त्या वर्षी अचानक आंधळ्या व्हायला लागल्या. आवाज छान, मोटर छान, पण बायॉसला डिस्क दिसायचीच नाही. दोष तबकडीत नव्हता, डिस्कच्या स्वतःच्या आतल्या प्रोग्राममध्ये होता. तिची अंतर्गत नोंदवही एका विशिष्ट आकड्यावर असताना डिस्क चालू झाली की ती 'बिझी' होऊन बसायची, कायमची. उपाय असा की डिस्कच्या मागच्या बारीक पिनांना सीरियल केबल जोडायची आणि तिच्याशी थेट बोलायचं. ती केबल सांगलीत कुठं मिळणार? पण नोकियाच्या मोबाइलची सीए-४२ डाटा केबल आत तीच भाषा बोलते, हे समजलं होतं. मोबाइलच्या दुकानातून ती आणली, तिचं टोक कापलं, वायरी सोलल्या. डिस्कच्या बोर्डाचे स्क्रू सैल केले. बोर्ड आणि मोटरचा संपर्क तुटावा म्हणून मधे लग्नपत्रिकेचा तुकडा सरकवला, कारण टेबलावर तोच जाड कागद होता. टर्मिनलवर आज्ञा टाइप केली, पत्रिका ओढून काढली, स्क्रू आवळले, पुढच्या आज्ञा दिल्या. डिस्क बंद करून चालू केली आणि बायॉसमध्ये तिचं नाव उमटलं. मी एकटाच होतो दुकानात. टाळी वाजवली.

त्याच्या दोन वर्षं आधी मी जे केलं, ते सांगायला जीभ जड होते.

एक निवृत्त गुरुजी होते. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ या भागात हिंडून त्यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या होत्या. टेपवर घेतलेल्या, मग स्वतः बसून टाइप केलेल्या. मशीनमध्ये ८० जीबीची डिस्क, विंडोज एक्सपी. "हल्ली फार हळू झालंय, आणि मधेच अडकतंय," म्हणाले. मी डिस्क ऐकली. अधूनमधून एक बारीक टक्‌ होती, पण डाटा दिसत होता. कॉपी करायला घेतला तर एका फोल्डरवर अडकला. तेव्हा मी तेच केलं जे सगळे करायचे आणि आजही करतात. चेकडिस्क लावली, बॅड सेक्टर दुरुस्त करायला, आणि जेवायला गेलो.

चेकडिस्कचं काम डाटा वाचवणं हे नाही. फाइल सिस्टिमचा हिशेब जुळवणं, एवढंच तिला कळतं. जी नोंद जुळत नाही ती ती तोडते. आणि बॅड सेक्टर शोधायला मरत्या डिस्कला सगळीकडे रगडते, जिथं दुखतंय तिथं पुन्हा पुन्हा. परत आलो तेव्हा निळ्या पडद्यावर पाच टप्प्यांपैकी चौथा चालू होता आणि ३१ टक्क्यांवर आकडा थिजला होता. आतून आवाज येत होता तो मला ओळखीचा होता. बटण बंद केलं. संध्याकाळी दुसऱ्या मशीनला लावून पाहिली तर एकदाच, दहा मिनिटं दिसली. ओव्यांच्या फोल्डरच्या जागी 'फाउंड' नावाचं फोल्डर आणि त्यात नाव-गाव नसलेले, क्रमांक दिलेले तुकडे. मग डिस्कही गेली.

गुरुजींना मी खरं सांगितलं. डिस्क आजारी होती, पण मारली मी. ते बराच वेळ त्या डिस्ककडे पाहत होते. मग म्हणाले, "म्हाताऱ्या आहेत अजून काही. परत जाईन." गेलेही. दीड वर्षानं पुन्हा टाइप करून घ्यायला वह्या घेऊन आले तेव्हा ओव्या पहिल्यापेक्षा कमी होत्या. काही म्हाताऱ्या तोवर वारल्या होत्या. गुरुजींकडून मी तेव्हा पैसे घेतले नाहीत, आणि नंतरही कधी घेतले नाहीत. पण त्यानं काय होतंय.

त्यानंतर दुकानाची पद्धत बदलली. दुखऱ्या डिस्कवर मी विंडोज चालूच करत नाही. पेनड्राइव्हवरून लिनक्स उघडतो आणि सगळ्यात आधी ती स्मार्टची नोंदवही बघतो. पाच नंबर म्हणजे बाद करून बदललेले सेक्टर, १९७ म्हणजे निकालाची वाट बघत असलेले. १९७ पुढं शून्याऐवजी शे-दोनशे दिसले की डिस्कमधली एकही फाइल न उघडता तिची जशीच्या तशी प्रत दुसऱ्या, धडधाकट डिस्कवर घ्यायला लागतो. त्यासाठी डीडीरेस्क्यू नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम आहे. त्याची अक्कल मला आवडते. आधी जे सहज वाचता येतंय ते सगळं उचलतो. जिथं अडलं तिथं हुज्जत न घालता पुढं उडी मारतो आणि एका फाइलीत टिपून ठेवतो, इथून इथपर्यंत राहिलंय. मग उलट्या दिशेनं येऊन त्या राहिलेल्या जागांच्या कडा कुरतडतो. अगदी शेवटी, सगळं हाती लागल्यावर, खऱ्या दुखऱ्या सेक्टरांना हात घालतो. मधे लाईट गेली तरी त्या टिपणावरून पुढं सुरू करता येतं.

एका फोटोग्राफरची दोन टीबीची डिस्क अशी तीन दिवस चालली होती. लग्नसराई नुकतीच संपलेली, अल्बम द्यायचे बाकी. पहिल्या रात्री सेकंदाला ९० एमबीचा वेग होता, तो दुसऱ्या दिवशी दुपारी काही केबींवर आला. फोटोग्राफर दर दोन तासांनी यायचा, काउंटरवर कोपर टेकून त्या काळ्या पडद्याकडं बघायचा. "सर, ते लाल काय आलंय?" "काही नाही, चहा घेऊ चल." डिस्कखाली मी एक छोटा पंखा लावून ठेवला होता. तापली की वाचण्यातल्या चुका वाढायच्या. शेवटी ९९.९ टक्क्यांच्या वर आलं. जे काही सेक्टर राहिले ते एका हळदीच्या कार्यक्रमाच्या व्हिडिओत पडले होते. त्यात मधे अडीच मिनिटं चौकटी-चौकटी दिसतात, एवढंच. ज्यांची हळद होती त्यांना ते अजून माहीत नाही म्हणे.

इथं एक गोष्ट सांगून टाकतो, कारण लोक विचारायला लाजतात. डाटा परत आला की तो चालतो की नाही हे पाहायला मी एक फोटो, एक हिशेबाची फाइल, एखादा व्हिडिओ उघडतो. तेही गिऱ्हाईक समोर असताना. बाकी काय आहे ते मी बघत नाही. पण सगळे दुकानदार असेच वागतील याची हमी मी कशी देणार? तुमची डिस्क कुणाच्या हातात देताय याचा विचार तिची किंमत विचारण्याआधी करा.

डाटा परत येऊनही वाचता न येणं हा आणखी एक मासला. लग्नपत्रिका आणि सहकारी संस्थांचे अहवाल छापणाऱ्या एका डीटीपीवाल्याची जुनी डिस्क मी पूर्ण वाचवली, एकही सेक्टर न सोडता. फाइल उघडली तर 'श्री गणेशाय नमः'च्या जागी इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम आणि कंसांची खिचडी. युनिकोडच्या आधीचा मराठी मजकूर तो. त्याचा फॉन्ट आणि प्रिंटरच्या पोर्टात लावायचं ते लॉक, दोन्ही रद्दीत गेलेलं. शेवटी इचलकरंजीतल्या एका जुन्या प्रेसमध्ये चालू असलेल्या मशीनवर त्या फाइली उघडल्या आणि छापूनच घेतल्या.

आणि पूर. २००५ च्या पुराची खूण माझ्या दुकानाच्या भिंतीवर होती. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा चढायला लागली तेव्हा त्या खुणेच्या हातभर वर फळी ठोकून गिऱ्हाइकांच्या डिस्क आणि मशीन तिच्यावर ठेवली, आणि शहाणपणाच्या समाधानात विश्रामबागला भावाकडं गेलो. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. फळी पाण्याखाली.

पाणी उतरल्यावर लोक डिस्क घेऊन यायला लागले. पिशवीतून, रुमालातून, एक जण तर स्टीलच्या डब्यातून. हार्ड डिस्क हवाबंद असते असा बहुतेकांचा समज. नव्या, हेलियम भरलेल्या मोठ्या डिस्क खरंच बंद असतात. पण साध्या डिस्कला एक बारीक भोक असतं, आतली-बाहेरची हवा सारखी राहावी म्हणून. त्याला आत गाळणी असते, आणि शेजारी इंग्रजीत सूचना छापलेली असते की हे भोक बुजवू नका. ते हवेसाठी असतं. आठवडाभर पुरात बुडाल्यावर कृष्णेचा बारीक गाळ त्यातून आत जाणारच. तो गाळ ओला असेपर्यंत लॅबमध्ये धुऊन निघतो. वाळला की तबकडीवर बसतो, आणि मग हेडसाठी तो डोंगर.

आणि लोकांनी नेमकं तेच केलेलं. कुणी गच्चीवर उन्हात वाळवल्या, कुणी केस वाळवायच्या मशीननं, बऱ्याच जणांनी तांदळाच्या डब्यात ठेवल्या. आणि वाळल्यासारख्या वाटल्यावर चालू करून पाहिल्या. मी दारावर कागद चिकटवला: 'भिजलेली डिस्क वाळवू नका. ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत बंद करून आणा.' माझ्या म्हणण्याप्रमाणे आणलेल्या थोड्या डिस्क पुण्याला लॅबला पाठवल्या, तिथल्या स्वच्छ खोलीत उघडल्या गेल्या, आणि त्यातल्या काहींचा डाटा आला. खर्च पंधरा-वीस हजारांच्या घरात. तो ऐकून निम्म्या लोकांनी डिस्क परत नेल्या. उन्हात वाळवून चालू केलेल्यांतली एकही परत बोलली नाही. माझ्या फळीवरच्याही नाही. आठ दिवसांनी दुकान उघडलं तेव्हा त्या तिथंच वाळून गेल्या होत्या. गिऱ्हाइकांना फोन करून सांगताना मला गुरुजी आठवत होते.

पुराचं आणि डिस्कचं नातं मी आधीही पाहिलं होतं. २०११ च्या पावसाळ्यात थायलंडमध्ये पूर आला आणि हार्ड डिस्कचे कारखाने पाण्याखाली गेले. तेव्हा आमच्याकडं ५०० जीबीची डिस्क दुपटीहून महाग झाली, आणि गिऱ्हाइकं मला चोर समजायला लागली.

आता जमाना एसएसडीचा. नव्वद टक्के गिऱ्हाइकांना मीच त्या बसवून दिल्यात. जुन्या मशीनला तेवढा एकच बदल पुरतो म्हणतात, आणि ते खरंच आहे. पण माझा कान बेकार झाला. एसएसडीत फिरणारं काही नाही, त्यामुळं कण्हणंही नाही. रात्री लॅपटॉप नीट बंद केला, सकाळी 'नो बूटेबल डिव्हाइस'. बऱ्याचदा मेमरी चिप शाबूत असतात आणि त्यांचा कारभार पाहणारा कंट्रोलरच जातो. काही स्वस्त डिस्कमध्ये तर बायॉसमध्ये डिस्कचं नाव बदलून 'साटाफर्म एस११' असं काहीतरी दिसायला लागतं. तिला स्वतःचं नाव आठवत नाही, असं मी गिऱ्हाइकाला सांगतो. आणि चुकून डिलीट केलेलं? हार्ड डिस्कवर ते बरेच दिवस पडून असायचं. एसएसडीला ट्रिमची आज्ञा मिळाली की ती मोकळ्या जागा आपण होऊन साफ करते. दोन दिवसांनी आलात तर माझ्याकडं देण्यासारखं काही नसतं.

वर कुलूप. नव्या लॅपटॉपवर बिटलॉकर पुष्कळदा आपोआप सुरू असतं. मदरबोर्ड गेला, डिस्क काढून दुसरीकडं लावली, डिस्क ठणठणीत, आणि समोर मागणी ४८ अंकी किल्लीची. ती किल्ली बहुधा पहिल्या दिवशी लॅपटॉप सुरू करताना घातलेल्या ईमेलच्या खात्यात असते. मागच्या महिन्यात एका पीएचडीच्या मुलीचा लॅपटॉप आला. "ईमेल कोणता घातला होता?" "दुकानदारानंच घातला होता, दादा. त्यानं काहीतरी बनवून दिला होता." दोन दिवस शोधून तो दुकानदार सापडला, पासवर्ड त्याच्या वहीत होता. ही वही मी हातात घेऊन पाहिली. तीनशेएक गिऱ्हाइकांचे पासवर्ड, बॉलपेननं लिहिलेले. मी तिला किल्ली छापून दिली आणि आईच्या कपाटात ठेवायला सांगितली.

फ्रीजरबद्दल रोज विचारतात म्हणून सांगतो: डिस्क फ्रीजरमध्ये ठेवू नका. बाहेर काढली की आत दव धरतं. आमच्याकडच्या दमट हवेत तर धरतंच.

काउंटरच्या वर मी मोठ्या अक्षरांत पाटी लावली आहे: 'आवाज येणारी डिस्क चालू करून दाखवू नका.' तिला आता बरीच वर्षं झाली. परवा एक गृहस्थ आले, पाटी मोठ्यानं वाचली, मान डोलावली, पिशवीतून डिस्क काढली आणि म्हणाले, "केबल द्या, आवाज कसा येतोय ते ऐकवतो."